घरात कुत्रा असताना: फेरेट आणावा की मांजर?

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरमधल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कुत्रा चांगला रुळला आहे आणि आता मुलांनी फेरेटचा हट्ट धरला आहे, अशा घरासाठी हा विचार आहे. फेरेटला बघून अनेकांना मुंगूस आठवते. मात्र तो पाणमांजराच्या कुळातला प्राणी असून युरोपात सशांच्या बिळांत सोडण्यासाठी माणसाने त्याला शेकडो वर्षांपासून पाळले आहे.

कुत्र्या-मांजराचे वैर आपल्या बोलण्यात इतके मुरले आहे की मांजराचा पर्याय आपण लगेच बाजूला सारतो. पण मांजराला उंचीचा आधार असतो. कुत्रा अंगावर आला, तर ते फ्रिजवर किंवा माळ्यावर जाऊन बसते, आणि काही आठवड्यांत बहुतेक कुत्रे त्याचा नाद सोडतात. फेरेट जमिनीवरच वावरतो, उंच उडी मारत नाही आणि भिण्याऐवजी खेळायला अंगावर धावून जातो. त्याच्या जातीच्या खेळात मानेला चावणे मोडते, जे कुत्र्याला खेळ वाटेलच असे नाही. डॅशहंड तर मुळात बिळात शिरून बिज्जू धरण्यासाठीच घडवलेली जात आहे, त्यामुळे डॅशहंड किंवा टेरियर असलेल्या घरात फेरेट आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लॅब्रॅडॉर स्वभावाने सौम्य असला, तरी एक-दीड किलोच्या जिवावर त्याचा खेळातला पंजाही भारी पडतो, म्हणून दोघांना एकटे सोडून बाजारात जाता येत नाही.

यापेक्षाही अवघड प्रश्न हवेचा आहे. फेरेटला घामावाटे अंग थंड ठेवता येत नाही, आणि साधारण २७ अंश सेल्सिअसच्या वर त्याला त्रास सुरू होतो. ठाण्यातला एप्रिल-मे आणि त्यात भर घालणारी दमट हवा लक्षात घेतली, तर एसी ही चैन राहत नाही. वीज गेलेल्या दुपारी काय करायचे, हेही आधी ठरवावे लागते. मांजर त्याच दुपारी लादीवर आडवे पसरून वेळ निभावते.

आजारांत डिस्टेंपर सर्वांत घातक आहे. कुत्र्यांचा हा रोग फेरेटला झाला, तर तो क्वचितच वाचतो, आणि आपला कुत्रा रोज खाली भटक्या कुत्र्यांना हुंगूनच वर येतो. म्हणून कुत्र्याचे लसीकरण चोख हवेच, शिवाय फेरेटला तपासण्याचा अनुभव असलेला पशुवैद्य प्राणी आणण्यापूर्वी शोधावा. नसबंदी न झालेली मादी माजावर आली आणि संयोग झाला नाही, तर तो माज लांबत जाऊन रक्तक्षयाने तिचा मृत्यू होऊ शकतो. मांजराच्या लसी आणि नसबंदी दोन्ही ठाणे-नवी मुंबईत सहज होतात.

खाण्यात दोघेही पक्के मांसाहारी आहेत, तेव्हा शाकाहारी घराने हा विचार इथेच थांबवावा. फेरेटचे अन्न तीन-चार तासांत पचून जात असल्याने त्याची वाटी दिवसभर भरलेली ठेवावी लागते, आणि ती कुत्रा फस्त करणार हे उघड आहे.

खिडक्यांना जाळी मांजरासाठीही लागतेच; फेरेटसाठी मात्र बाल्कनीतले पाणी जाण्याचे भोक, स्वयंपाकघरातल्या ट्रॉलींमागची फट आणि सोफ्याचा फाटका तळही बंद करावा लागतो, कारण डोके शिरते तिथे त्याचे उरलेले अंग सहज शिरते. एवढी तयारी, एसीची एक स्वतंत्र खोली आणि शिकारी वृत्ती नसलेला कुत्रा हे तिन्ही असेल, तरच मी फेरेटला होकार देईन. एरवी मांजरच आणावे.