वागेनिंगेन, कॉर्क की होहेनहाइम? फूड टेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.चा हिशेब

या दिवाळीत एकाच आठवड्यात दोघांनी मला तोच प्रश्न विचारला. एक माझा मामेभाऊ. परभणीहून फूड टेक्नॉलॉजीचं बी.टेक. करून नुकताच बाहेर पडलाय, कारखाना पाहिलाय तो इन-प्लांट ट्रेनिंगपुरता. दुसरी माझ्या आधीच्या ऑफिसातली ज्युनियर. साडेतीन वर्षं डेअरीच्या क्यूएत (गुणवत्ता विभागात) काढलेली, रात्रपाळ्यांसकट. दोघांच्याही यादीत तीच तीन नावं होती: नेदरलँड्समधलं वागेनिंगेन, आयर्लंडमधलं युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क आणि जर्मनीत श्टुटगार्टजवळचं होहेनहाइम. दोघांनाही मी वेगवेगळं उत्तर दिलं.

आधी माझा कल सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला वजावट करता येईल. मी स्वतः वागेनिंगेनला शिकले. (डच लोक त्याचा उच्चार घशातून खाकरल्यासारखा 'वाखेनिंगन' करतात. पहिल्या दिवशी स्टेशनवर मी विचारलेलं नाव कुणालाच कळलं नव्हतं.)

रँकिंगआधी बघायचं ते कोर्सची लांबी. वागेनिंगेन आणि होहेनहाइम दोन वर्षांचे, १२० क्रेडिटचे. कॉर्क बारा महिन्यांचं. हा फरक नुसत्या खर्चाचा नाही. वागेनिंगेनमध्ये पहिलं वर्ष विषयांचं असतं आणि दुसऱ्या वर्षात ३६ क्रेडिटचा थिसिस अधिक २४ क्रेडिटची इंटर्नशिप. एक क्रेडिट म्हणजे तिथं २८ तासांचं काम धरतात, तेव्हा थिसिसचे हजार तास होतात. कोवळ्या पदवीधराला या दुसऱ्या वर्षाचा खरा उपयोग होतो, कारण बायोडेटात लिहायला त्याच्याकडे दुसरं काहीच नसतं. कॉर्कला सप्टेंबरात उतरलात की थंडी संपायच्या आत प्रोजेक्ट ठरवायचा आणि नोकऱ्यांचे अर्जही टाकायला लागायचं. ज्याला स्वतःला काय येतं तेच अजून कळलेलं नाही, त्याच्यासाठी ही धावपळ फार आहे. जिला पाश्चरायझरवरचा डायव्हर्जन व्हॉल्व्ह (नीट न तापलेलं दूध मागे वळवणारी झडप) रात्री दोन वाजता का उघडला हे सांगता येतं, तिला एक वर्ष पुरे.

आता पैसे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरून ढोबळ हिशेब असा. वागेनिंगेनची युरोपबाहेरच्यांसाठीची फी वर्षाला साधारण २० हजार युरोंच्या घरात जाते. राहणं-खाणं धरून दोन वर्षांचे ६० ते ६५ लाख होतात. कॉर्कची एका वर्षाची फी २० हजारांच्या वर, त्यात राहण्याचे बारा-चौदा हजार घाला, म्हणजे ३५ ते ४० लाख. होहेनहाइम ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहे तिथं २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडायला लागले. जर्मनीत इतरत्र बहुतेक सरकारी विद्यापीठांत तेवढेही नाहीत. तरी चार सत्रांचे सहा हजारच झाले. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ते तुमचेच पैसे असतात आणि महिन्याला ९९२ असे परत मिळतात. म्हणजे जर्मनीतली दोन वर्षं कॉर्कच्या एका वर्षापेक्षा स्वस्त पडतात. हा आकडा ऐकून मामेभावाचे वडील लगेच 'जर्मनी' म्हणाले. थांबा म्हटलं.

कारण नोकरी. तिन्ही देश शिकून झाल्यावर थांबू देतात: जर्मनी १८ महिने, आयर्लंड मास्टर्सवाल्यांना दोन वर्षं, नेदरलँड्स एक वर्ष. कागदावर डच सर्वांत कंजूष दिसतात. पण ते एक वर्ष पदवीनंतर तीन वर्षांच्या आत कधीही मागता येतं, म्हणजे पुण्यात परत येऊन दीड वर्ष काम करूनही. हे कन्सल्टंट सहसा सांगत नाहीत. जर्मनीतले १८ महिने जर्मन येत असेल तरच कामाचे. आपलं क्षेत्र सॉफ्टवेअर नाही. शिफ्ट इन्चार्ज, लाइनवरचे ऑपरेटर, सफाईचं रेकॉर्ड, ऑडिट, सगळं तिथं जर्मनमध्ये चालतं. बी१-बी२ पर्यंत (म्हणजे मधल्या पातळीपर्यंत) भाषा नेण्याची तयारी असेल तर जर्मनी घ्या, नाहीतर स्वस्तात घेतलेली पदवी आणि महागात पडलेली बेकारी. नेदरलँड्समध्ये संशोधन विभाग इंग्रजीत चालतात, कारखाने डचमध्ये. आयर्लंडमध्ये हा प्रश्नच नाही. कॉर्कच्या लोकांचे हेल पहिला महिनाभर कळत नाहीत एवढंच.

पण मला विचाराल तर कोर्सपेक्षा कॉलेजभोवतीचा परिसर बघा. फूड टेक्नॉलॉजी हे कच्च्या मालाजवळ शिकायचं शास्त्र आहे. कॉर्क म्हणजे दूध आणि लोणी. शहरात शँडन भागात जुना लोण्याचा बाजार होता, आता तिथं लोण्याचं संग्रहालय आहे. काउंटीतच फर्मॉयजवळ मूरपार्क इथं टेगास्क या सरकारी संस्थेचं संशोधन केंद्र आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये युरोपातला दुधाचा कोटा, म्हणजे उत्पादनावरची मर्यादा, उठला, त्यानंतर आयरिश दूध खूप वाढलं, आणि त्यातलं बहुतेक पावडर, चीज, लोणी, बाळांचं फॉर्म्युला होऊन निर्यात होतं. स्प्रे ड्रायर, व्हे प्रोटीन, पावडरची विद्राव्यता यात ज्यांना रस आहे त्यांना याहून चांगली जागा मी सुचवू शकत नाही.

वागेनिंगेनचा परिसर वेगळा. गाव छोटं, सायकलवर वीस मिनिटांत संपतं, पण कॅम्पसवरच युनिलिव्हरचं खाद्यपदार्थांचं संशोधन केंद्र आहे आणि फ्रीसलँडकॅम्पिना या डच डेअरी कंपनीचंही. इंटर्नशिप मागायला तुम्ही चालत जाऊ शकता. मिळेलच असं नाही, पण जेवणाच्या सुट्टीत रांगेत पुढे उभा असलेला माणूस तिथलाच असतो. वनस्पतिजन्य प्रथिनं, सेन्सरी (चव-वासाची पारख), फूड डिझाइन, क्वालिटी मॅनेजमेंट, ज्याला अजून वाट ठरवायची आहे त्याला इथं दारं जास्त आहेत. गैरसोय घराची. खोल्यांची टंचाई इतकी की माझ्या बॅचचा एक जण पहिले तीन आठवडे तंबूत राहिला, तेही ऑगस्टच्या पावसात. प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी खोली शोधायला लागा. पार्टटाइम कामाचंही तिथं अवघड: आठवड्याला १६ तासांची मर्यादा आणि मालकानं तुमच्यासाठी परवाना काढायचा. आयर्लंडमध्ये सत्र चालू असताना २० तास सरळ करता येतात.

होहेनहाइमबद्दल मला मनातून माया आहे. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, दुष्काळ पडला, आणि त्या धड्यातून व्युर्टेंबर्गच्या राजानं १८१८ मध्ये ही शेतीशाळा काढली. आजही राजवाड्यातच विद्यापीठ भरतं. शिकवण्यासाठी त्यांची स्वतःची डेअरी आहे आणि डिस्टिलरीही. फक्त अर्ज करताना अभ्यासक्रमाचं माध्यम नीट वाचा. सारख्या वाटणाऱ्या नावांचे कोर्स असतात, काही इंग्रजीत, काही जर्मनमध्ये.

अमेरिका मी या यादीत मुद्दाम घेतली नाही, कारण तिथला निर्णय वेगळ्या पद्धतीनं होतो. तिथं विद्यापीठापेक्षा प्राध्यापक निवडायचा. डेव्हिस, कॉर्नेल, पर्ड्यू, मॅडिसन अशा ठिकाणी थिसिसवाल्या एम.एस.ला असिस्टंटशिप (विभागात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम) मिळाली तर फी माफ आणि वर हातात पगार. नाही मिळाली तर आकडा वागेनिंगेनच्याही पुढे जाऊ शकतो. फूड सायन्स तिथं स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या गटात, मोडतं, त्यामुळे शिकून झाल्यावर एक अधिक दोन अशी तीन वर्षं काम करता येतं, पुढे व्हिसाची लॉटरी. सहा महिने प्राध्यापकांना मेल लिहीत बसायचा धीर असेल तर जरूर बघा. आणि इंग्लंडचं रेडिंग किंवा लीड्स हे कॉर्कच्याच जातीचं, एका वर्षाचं. मात्र शिकून झाल्यावर थांबायच्या व्हिसासाठी जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तिथं दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत.

दोन गोष्टी खास आपल्याकडच्यांसाठी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती विद्यापीठाच्या एकूण जागतिक क्रमवारीवर चालते, विषयाच्या नव्हे. अलीकडच्या जाहिरातींतली मर्यादा पहिल्या २०० ची. वागेनिंगेन त्यात बसतं, कॉर्क आणि होहेनहाइम बसत नाहीत, मग डेअरीत कॉर्क कितीही भारी असो. त्या वर्षीची जाहिरात शब्दन्‌शब्द वाचा. दुसरं, परत येऊन कृषी विद्यापीठात प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी करायची असेल तर परदेशी पदवीची समकक्षता लागते, आणि तिथं एक वर्षाच्या मास्टर्सवर प्रश्न येऊ शकतो. ब्रिटनशी २०२२ मध्ये यासाठी करार झाला. आयर्लंडला जाणाऱ्यानं फी भरायच्या आधी याची लेखी चौकशी करावी.

ज्युनियरला मी कॉर्क सांगितलं, तिचा विषय दूध आहे आणि तिला लवकर पगारावर यायचंय. तिनं अर्ज टाकलाय. मामेभावाला सांगितलं, वागेनिंगेनचे ६५ लाख कर्जावर काढणार असशील तर आधी इथं दोन वर्षं नोकरी कर, नाहीतर आजपासून जर्मनचा क्लास लाव. त्यानं क्लास लावलाय, औरंगपुऱ्यात, संध्याकाळी सहाचा. भारतीयांना जर्मन व्हिसासाठी लागणारं एपीएसचं (शैक्षणिक कागद तपासल्याचं) प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, म्हणून त्याचे कागद आधीच पाठवायला लावलेत. मार्कशीटवर आडनावाचं स्पेलिंग एका सत्रात वेगळं निघालं, सध्या तो ते दुरुस्त करायला परभणीला खेटे घालतोय.