जुना कारखाना पाडण्याआधी ॲस्बेस्टॉस आणि केमिकल 'शास्त्रोक्त' काढून देणाऱ्यांपासून सावध राहा (सोलापूर)

३,५३,५२८ रुपये. एवढी रक्कम घेऊन एका कंत्राटदाराने पूर्व भागातल्या आमच्या बंद यंत्रमाग कारखान्यातला आणि त्याला लागून असलेल्या डाय हाऊसमधला (सूत रंगवायच्या विभागातला) घातक माल 'नियमाप्रमाणे' हलवला. नंतर कळलं की त्यातला एक किलोही जिथे पोचायला हवा होता तिथे पोचलाच नाही. धड निघालेले ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे सेकंडहँड म्हणून गोठ्यांसाठी विकले गेले, फुटलेले पत्रे राडारोड्यात मिसळून ओढ्याकाठी टाकले गेले. ड्रम कुठे रिकामे झाले याचा पत्ता नाही. सोलापुरात आज असे कितीतरी जुने शेड पाडायला निघाले आहेत. त्या मालकांना हे कळायलाच हवं, म्हणून लाज बाजूला ठेवून सगळे आकडे देतोय.

कोटेशन असं होतं: १८६ सिमेंट पत्रे, प्रत्येकी ६५० प्रमाणे १,२०,९००. बॉयलरच्या स्टीम पाइपवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं ॲस्बेस्टॉसचं आवरण, ३८ मीटर, ९०० प्रमाणे ३४,२००. डाय हाऊसमधले ड्रम, उरलेले रंग आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल मिळून ६८,०००. रांजणगावच्या घातक कचरा केंद्रापर्यंत वाहतूक ५२,०००. लॅब टेस्ट आणि सर्टिफिकेट २४,५००. वर १८ टक्के जीएसटी ५३,९२८. दोन लाख आधी ऑनलाइन, उरलेले १,५३,५२८ चेकने. रोखीत एक रुपया दिलेला नाही. 'कच्च्यात केलं म्हणून फसला' असं म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

आणि माणूस अडाणी वाटत नव्हता. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम त्याला पाठ होते. टाकाऊ ॲस्बेस्टॉसचा कोड १५.२, वापरलेल्या तेलाचा ५.१, केमिकलच्या रिकाम्या ड्रमचा ३३.१, हे तो न बघता सांगायचा. असा माल ९० दिवसांपेक्षा जास्त जागेवर ठेवता येत नाही, हा नियम खरा आहे आणि तोच त्याने धाक दाखवायला वापरला. "शेठ, मुदत संपली तर नोटीस तुमच्या नावाने येतीय की, आमच्या नाही." जेसीबीवाल्याला तारीख दिलेली, पाऊस तोंडावर आलेला. अशा वेळी खरा नियम सांगणाऱ्यावर कुणीही विश्वास ठेवेल.

चोरी मात्र डोळ्यांसमोर उघडी पडली होती, आणि तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. घातक कचऱ्याच्या मॅनिफेस्टच्या, म्हणजे माल कुणी दिला, नेला आणि घेतला याची नोंद असलेल्या फॉर्म १० च्या, सात रंगांच्या सात प्रती असतात. पांढरी माल देणाऱ्याने प्रदूषण नियंत्रण बोर्डाला पाठवायची. पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवायची. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. गुलाबी माल घेणाऱ्या केंद्राकडे राहते, केशरी वाहतूकदाराला मिळते, हिरवी केंद्र बोर्डाला पाठवतं आणि निळी केंद्राकडून माल देणाऱ्याकडे परत येते. राखाडी फक्त माल दुसऱ्या राज्यातला असेल तर. टेम्पो अजून कारखान्याच्या दारात उभा होता, ताडपत्री बांधायची बाकी होती, आणि त्याने हातात दिलेल्या गठ्ठ्यात निळी प्रतही होती. तिच्यावर 'माल मिळाला' या रकान्यात सही आणि गोल शिक्का आधीच मारलेला! सोलापुरातून न हललेला माल पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या रांजणगावात पोचल्याची सही! त्याच गठ्ठ्याला वजनकाट्याची पावती टाचलेली होती: निव्वळ २,३४० किलो. मॅनिफेस्टवर लिहिलेलं: ७.८ टन.

आता हिशोब बघा. सहा मिलिमीटर जाडीच्या पन्हाळी सिमेंट पत्र्याचं वजन चौरस मीटरला साधारण १३ ते १४ किलो. तीन मीटर लांब आणि १.०५ मीटर रुंद पत्रा म्हणजे ४२ किलोच्या आसपास. १८६ पत्र्यांचे ७.८ टन झाले, म्हणजे मॅनिफेस्टवरचा आकडा बरोबर होता. फक्त तो एका ४०७ टेम्पोत, एका खेपेत, ड्रमसकट मावणं शक्य नव्हतं. दोन्ही कागद एकाच वेळी हातात असताना हे दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण त्याच वेळी डोक्यावरचं छप्पर गेलेलं, गेटवर मजूर पैशासाठी थांबलेले आणि तो माणूस "राहिलेला माल उद्याच्या गाडीत" असं ठामपणे सांगत होता. उद्याची गाडी आली. तीही छोटीच.

दुसरी खूण त्याहून आधीची, आणि ती तांत्रिक आहे. त्याने छप्पर आधी उतरवलं आणि ड्रम नंतर उचलले. काम माहीत असलेला माणूस असं कधीच करणार नाही. ॲस्बेस्टॉसचा पत्रा ओला करून काढायचा असतो, म्हणजे तंतू उडत नाहीत. डाय हाऊसमधल्या 'हायड्रो'ला, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटला, मात्र ओल चालत नाही. जुन्या, झाकण गंजलेल्या ड्रममध्ये थोडंसं पाणी गेलं तरी तो आतून तापतो, सल्फर डायऑक्साइड सोडतो आणि पेटूही शकतो. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी केमिकल बाहेर, मग ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर, मग बॉयलरचं लॅगिंग, मग पत्रे, मग रंग दिलेलं लोखंड, आणि जेसीबी सगळ्यात शेवटी. याने ड्रम खाली ठेवून वरून पत्रे काढले, आणि कोरडेच काढले. हायड्रो पेटला नाही, कारण पाणी मारलंच नव्हतं. तंतू मात्र सगळीकडे गेले.

पत्रे नीट कसे काढतात तेही सांगतो, म्हणजे कुणी खोटं काम करत असेल तर बघणाऱ्याला ओळखता येईल. पाण्यात थोडं साबणाचं द्रावण घालून कमी दाबाने फवारतात. सोळा लिटरचा पाठीवरचा फवारणी पंप चालतो, पण तो नवा हवा आणि काम झाल्यावर पुन्हा द्राक्ष-डाळिंबावर न्यायचा नाही. पत्रा धरून ठेवणारा जे-बोल्ट गंजलेला असेल तर बोल्ट कटरने तोडायचा. ग्राइंडर लावलेला दिसला की काम तिथेच थांबवा. पत्र्यावर थेट पाय द्यायचा नाही, छपराच्या लोखंडी कैच्यांवर टेकलेल्या फळीवरूनच चालायचं. जुना पत्रा वजन झेलत नाही आणि माणूस सरळ खाली येतो. पत्रा अख्खा खाली उतरवायचा, टाकायचा नाही. खाली जाड पॉलिथिनच्या दोन थरांत गुंडाळून टेप लावायचा आणि घातक कचऱ्याचं लेबल चिकटवायचं. झाडू मारायचा नाही, साधा व्हॅक्यूमही नाही, कारण बारीक तंतू त्यातून मागच्या बाजूने बाहेर येतात. ओल्या फडक्याने पुसून फडकंही त्याच पिशवीत.

याच्या मजुरांच्या तोंडाला गमछे आणि निळे सर्जिकल मास्क होते. ॲस्बेस्टॉसला यांचा काडीचा उपयोग नाही, एन-९५ सुद्धा पुरत नाही. पी-३ दर्जाचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा फिल्टर मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तोही गळतो. मे महिन्यात सोलापुरात अंगभर सूट घालून पत्र्यावर दुपारी काम होऊच शकत नाही, म्हणून हे काम पहाटे सुरू करून उन्हाआधी थांबवतात. यांचे मजूर भर दुपारी बनियनवर होते. तेच कपडे घरी नेऊन बायकोने धुतले, तर धूळ तिच्याही फुफ्फुसात जाते. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कॅन्सर वीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. त्या मजुरांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि पैशांपेक्षा जास्त राग त्याचाच येतो.

बॉयलरच्या लॅगिंगचा प्रकार याहून वाईट. पत्र्यातला ॲस्बेस्टॉस निदान सिमेंटमध्ये धरलेला असतो. पाइपवरचा पांढरा लेप आणि दोरी बोटाने दाबली तरी भुगा होते. ती आतपर्यंत भिजवून, पाइपभोवती बांधलेल्या प्लास्टिक पिशवीच्या आत काढावी लागते. यांनी ती घणाने झोडून काढली आणि मीटरप्रमाणे बिल लावलं.

मग तक्रार. पहिल्या कार्यालयात सांगितलं, 'हा उद्योगाचा कचरा नाही, पाडकामाचा राडारोडा आहे, तिकडे जा.' तिकडे गेल्यावर, 'घातक आहे म्हणताय ना, मग तो आमच्याकडे येत नाही.' पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, 'काम झालं, पैसे दिले, बिल आहे, हा दिवाणी वाद आहे.' बनावट शिक्का मारून पैसे घेणं हा दिवाणी वाद? भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम फसवणुकीचं आहे, ३३६ वं बनावट दस्तऐवजाचं. तक्रार अर्जात दोन्ही कलमं लिहून दिली, तर अर्ज घ्यायलाच टाळाटाळ. ओढ्याकाठच्या ढिगाचे फोटो दाखवले तेव्हा एका साहेबांना पहिल्यांदा उत्साह आला, आणि तो आमच्यावरच कारवाई करण्याचा! त्याच २०१६ च्या नियमांतल्या नियम २३ प्रमाणे पर्यावरणाच्या नुकसानीची जबाबदारी माल निर्माण करणाऱ्यावरही येते, हे त्यांना बरोबर आठवलं. ज्याने माल टाकला त्याचा पत्ता शोधायला मात्र कुणाकडे माणूस नाही, गाडी नाही, वेळ नाही. गुन्हा नोंदवायला गेलेला आरोपी ठरतो आणि आरोपी पुढच्या कारखान्यात कोटेशन देत फिरतो. ढीग उचलून नीट पाठवायला वर १,८६,००० गेले, तेही आमच्याच खिशातून.

जीएसटी क्रमांक पैसे देण्याआधी पोर्टलवर टाकून बघा. याचा क्रमांक भंगार व्यवसायाचा आणि रद्द झालेला निघाला, तरी ५३,९२८ रुपये कर वसूल केला. माल घेणाऱ्या केंद्राला स्वतः फोन करा, आणि नंबर कंत्राटदाराने दिलेला नको. त्या तारखेला त्या गाडीचा माल आला का, एवढंच विचारा. फास्टॅगच्या नोंदी मागा. सोलापूरहून पुण्याकडे जाणारी गाडी सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी हे टोलनाके ओलांडल्याशिवाय पुढे कशी जाईल? शेवटचा हप्ता केंद्राकडून वजनासह पोचपावती आल्यावरच, मॅनिफेस्ट कागदी असो की ऑनलाइन.

ट्रान्सफॉर्मरचं तेल 'तपासलं, ठीक आहे' एवढ्यावर ऐकू नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) हे विषारी केमिकल असू शकतं. पीसीबीचं शुद्ध तेल पाण्यात बुडतं आणि खनिज तेल तरंगतं, ही चाचणी काहीजण करून दाखवतात. पण खनिज तेलात पीसीबी मिसळलेलं असेल तरीही ते तरंगतंच, म्हणून लॅबचा आकडा लागतो. पीसीबी ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) वर गेलं तर ते तेल भंगारवाल्याला द्यायचं नाही. लॅबचा रिपोर्ट असेल तर नमुना कुणी, कधी, कोणत्या ड्रममधून घेतला ते त्यावर हवं. आमच्या रिपोर्टवर फक्त 'ऑइल' लिहिलं होतं.

ॲसिड आणि सोडियम सल्फाइड एका गाडीत शेजारी ठेवू देऊ नका, दोन्ही सांडले तर हायड्रोजन सल्फाइड होतो आणि माणूस जागीच मरतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन. लेबल नसलेला ड्रम उघडून वास घेणाऱ्याला बाहेर काढा. जुन्या कैच्यांवर शेंदरी प्रायमर असेल तर त्यात शिसं असतं. गॅस कटर लावण्याआधी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच रंग पेंट रिमूव्हरने काढून घ्या, नाहीतर धुरातून शिसं थेट कापणाऱ्याच्या रक्तात जातं.

आणि मोहोळ, अक्कलकोट, बार्शीकडे ज्यांनी गोठ्यासाठी स्वस्तात असे पत्रे घेतले असतील त्यांच्यासाठी: अख्खा पत्रा न हलवता राहू द्या. त्याला भोक पाडू नका, ब्रशने घासू नका, फुटलेल्या तुकड्यांचा मुरूम म्हणून वापर करू नका. तुकडे असतील तर पाणी मारून दोन पिशव्यांत बांधा आणि विकणाऱ्याची पावती असेल तर जपून ठेवा. त्याच्याविरुद्ध दुसरा तक्रारदार उभा राहिला तर अर्ज टाळणं पोलीस ठाण्यालाही जड जाईल.