बीटलला नवा सायलेन्सर, जुने हीटर बॉक्स: काही महिने चालवल्यानंतर

गाडी १९६९ ची फोक्सवॅगन बीटल, १५०० सीसी, सिंगल पोर्ट (म्हणजे दोन सिलिंडरला मिळून आत येण्याची वाट एकच; ट्विन पोर्टमध्ये प्रत्येकाला वेगळी). सायलेन्सरची खालून चाळणी झाली होती आणि डाव्या हीटर बॉक्सच्या पत्र्यातून बोट आरपार जात होतं. दोन्ही बदलले. त्यावर एक अख्खा उन्हाळा आणि एक थंडी काढून झाली, म्हणून आता सविस्तर लिहिते. नवीन पार्ट लावल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणालाही सगळं छानच वाटतं.

या गाडीत एक्झॉस्ट आणि हीटर वेगळे काढता येत नाहीत. इंजिन हवेवर थंड होतं, रेडिएटर नाही, त्यामुळे हीटरला गरम पाणीही नाही. पुढच्या दोन सिलिंडरचा, म्हणजे एक आणि तीन नंबरचा धूर ज्या पाइपमधून मागे जातो, त्या पाइपभोवती पत्र्याची पेटी असते, तोच हीटर बॉक्स. फॅनची हवा त्या पेटीतून तापून दाराखालच्या पोकळ पट्ट्यांतून पायापाशी आणि काचेवर येते. १९६२ पर्यंतच्या गाड्यांत सिलिंडरवरून तापून आलेली हवाच थेट आत यायची, तेलाच्या वासासकट. १९६३ च्या मॉडेलपासून फॅनच्या आवरणातून वेगळ्या होजने ताजी हवा पेटीत येऊ लागली. पार्ट मागवताना पहिली गफलत इथेच होते: जुन्या पद्धतीच्या पेटीला ताज्या हवेचा होज जोडायची सोयच नसते.

दुसरी गफलत इंजिनाची. १२०० चं ३४ हॉर्सपॉवरचं इंजिन रुंदीला कमी आहे, १३०० ते १६०० ची मंडळी रुंद आहेत. त्यामुळे १२०० चा सायलेन्सर आणि पेट्या १५०० ला बसत नाहीत. उलट १३०० पासून १६०० पर्यंत सिंगल पोर्ट की ट्विन पोर्ट यावर अडून बसायची गरज नाही, फरक इनटेकच्या बाजूला आहे, एक्झॉस्टच्या नाही. आणि या गाड्यांत इंजिनं इतक्या वेळा बदललेली असतात की गाडीच्या सालावरून पार्ट मागवणं म्हणजे डोळे मिटून मागवणं. इंजिन नंबर वाचा. जुन्या पार्टवर फोक्सवॅगनचा नंबर दिसत असेल तर तोही पुसून, वाचून घ्या. शेवटचं अक्षर बदललेलं असेल तर पार्टमध्ये काहीतरी सुधारणा झालेली असते.

मी आधी नव्या पेट्या मागवल्या. विकणाऱ्याचं नाव सांगत नाही, कारण असाच माल बऱ्याच खोक्यांतून मिळतो. बाहेरून काळा रंग, आकार अगदी मूळ पार्टसारखा. हातात घेतल्याबरोबर वजन कमी लागलं. टॉर्च लावून तोंडातून आत पाहिलं तर साधा लोखंडी पाइप आणि त्यावर पत्र्याच्या दोन-चार पट्ट्या. मूळ जर्मन पेटीत त्याच पाइपवर ॲल्युमिनियमचं ओतीव काम असतं, दाट पाती असलेलं, आणि हीटरचा सगळा जीव त्या पात्यांत आहे. पातीच नसतील तर हवा पाइपला नुसती हात लावून निघून जाते.

उजवी मूळ पेटी तेव्हा शाबूत होती, त्यामुळे आधी फक्त डावी बदलली. आणि इथे आयतीच परीक्षा झाली. डाव्या पेटीची हवा डाव्या पट्टीतून येते, उजवीची उजव्या. इंजिन चांगलं तापल्यावर दोन्ही पायांपाशी हात धरला की उजवीकडे झळ लागायची आणि डावीकडे कोमट फुंकर. काचही एकाच बाजूने आधी साफ व्हायची. केबल सारख्या ताणल्या, झडपा पूर्ण उघडतात याची खात्री केली, होज बदलला. फरक तसाच राहिला. एकाच गाडीत, एकाच वेळी, एकाच फॅनवर दोन पेट्यांची तुलना झाल्यावर वादाला जागा उरत नाही.

मग एक जुनी डावी मूळ पेटी शोधली. वरचा पत्रा कुजलेला, आतला गाभा धड. जुनी पेटी घेताना पत्र्याकडे फार पाहू नका, पत्रा नवा लावता येतो. पाइप पाहा. पाइपला चीर असेल तर पेटी भंगार समजायची, कारण ओतीव ॲल्युमिनियमच्या आत दडलेल्या पाइपला वेल्डिंगचा दांडा पोचतच नाही. पाइपचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून थोड्या दाबाने हवा सोडली आणि पेटी पाण्याच्या टबात बुडवली. बुडबुडे आले नाहीत तेव्हाच घेतली. विकणारा कुरकुरला, पण या एका गोष्टीत भीड बाळगू नये. ही पेटी फुटली तर इंजिनाचा धूर तुमच्याच गाडीत हीटर म्हणून येतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही, त्याला वासही नाही. एक्झॉस्टचा वास येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. डॅशबोर्डखाली बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म चिकटवलाय आणि तो तिथेच राहणार आहे.

पेटी सँडब्लास्ट करायची (दाबाने रेती मारून गंज काढायचा) असेल तर पत्रा उघडा असतानाच करा आणि नंतर पाती दाबाच्या हवेने फुंकून काढा. पात्यांत अडकलेली रेती पुढे काचेखालच्या हवेच्या भोकांतून थेट डोळ्यात येते.

सायलेन्सर मात्र नवाच घेतला, साधा लोखंडी, दोन नळ्यांचा. स्टेनलेसचा मोह होता. पण स्टेनलेसमध्येही दोन जाती: एकाला चुंबक चिकटतं, एकाला नाही. न चिकटणारं गंजत कमी, पण तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त पसरतं, आणि या सायलेन्सरला सहा ठिकाणी जखडलेलं असतं: मागच्या दोन सिलिंडरच्या हेडला दोन फ्लँज (बोल्टची भोकं असलेल्या सपाट पट्ट्या), पेट्यांना दोन क्लॅम्प आणि कार्बोरेटर तापवणाऱ्या नळीची दोन टोकं. जोडणी जराही ओढून-ताणून बसवली असेल तर चीर वेल्डिंगपाशी पडते.

बसवताना त्रास झालाच. उजवा फ्लँज तिरका आला होता, स्टडवर (हेडमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांवर) जाईना. भोकं कानशीने लांबवली. नट आवळून फ्लँज ओढून घ्यायचा विचार मनातही आणू नका. स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आहे, आटे तिथेच जातील आणि मग इंजिन उतरवावं लागेल. आधी सहाही जोड सैल धरायचे, सगळं आपापल्या जागी आलं की मग आळीपाळीने आवळायचं. नट एम आठचे (आठ मिलिमीटरच्या स्टडचे), तांब्याचा मुलामा दिलेले घ्या. त्यांना बाराचा पाना लागतो, तेराचा नाही, आणि सायलेन्सरच्या मागे हात घालताना तो एक मिलिमीटर फार मोठा वाटतो. काही दिवस चालवल्यावर, इंजिन गार असताना, सगळे पुन्हा तपासले. क्लॅम्प थोडे सैल झालेच होते.

कार्बोरेटर तापवणाऱ्या त्या नळीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. माझी काजळीने पूर्ण बुजली होती. त्यामुळे थंड, दमट सकाळी गाडी ॲक्सिलरेटर दाबला की आधी अडखळायची आणि लोक कार्बोरेटर उघडत बसायचे. जुन्या केबलची तार फिरवून नळी मोकळी केली. नव्या गॅस्केटमध्ये एका बाजूचं भोक मुद्दाम लहान असतं, ते मोठं करू नका; दोन्हीकडे दाब सारखा झाला तर नळीतून काही वाहतच नाही.

आत्ताची स्थिती: सायलेन्सरचा आवाज मूळ गाडीसारखाच, तोच ओळखीचा फुटफुटाट. बाहेरचा काळा रंग पहिल्याच लांबच्या फेरीत जळून करडा झाला, वास दोन-तीन वेळा आला आणि गेला. गंज सुरू झालाय, पण तो कोपऱ्यातल्या वेल्डिंगवर. खरा धोका आतून असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. गाडी पाच मिनिटं चालवून बंद केली तर ते वाफ होऊन निघून न जाता सायलेन्सरमध्ये साचतं. म्हणून नुसती सुरू करून बंद करायची सवय सोडली. एक्झॉस्टला गुंडाळायची पट्टी कोणी सुचवली तर नको म्हणा, ती ओल धरून ठेवते.

हीटर आता दोन्हीकडे सारखा. सिग्नलला उभं राहिलं की हवा मंदावते, कारण फॅन इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. त्याला इलाज नाही आणि तो दोषही नाही. अधूनमधून जळक्या तेलाचा वास येतो. तो पेट्यांचा नाही, पुशरॉड ट्यूबचे (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांभोवतीच्या नळ्यांचे) सील झिरपतात आणि थेंब खालच्या तापलेल्या पत्र्यावर पडतात. ते काम पुढच्या वेळी इंजिन उतरवल्यावर.

नवी हलकी पेटी एका ओळखीच्याने नेली. त्याला हीटर लागत नाही, पण जागा रिकामी ठेवून फॅनची हवा वाया घालवायची नव्हती. त्या कामाला ती ठीक आहे.