मीटरचा लाल दिवा आणि आमचे ३१,६५० रुपये

वीज बचत यंत्र विकणारे लोक गावात कसे येतात, कसे बोलतात आणि पैसे घेऊन कसे नाहीसे होतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. ते मलाही ठाऊक होते आणि तरीही मी फसले, एवढेच नव्हे तर माझ्या शब्दावर गावातल्या बारा बायका फसल्या. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. मी महिला बचत गटाची सचिव आहे, नऊ वर्षे गटाचा हिशेब माझ्या हाती आहे आणि त्यात एका रुपयाची तफावत कधी निघालेली नाही. फसणारी बाई अडाणीच असते, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

तो माणूस २४ मे रोजी आला. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून त्याच्या नावाची सूचना सकाळीच झाली होती, त्यामुळे पंचायतीने त्याची काही चौकशी केली असेल असे मी धरून चालले. गळ्यात ओळखपत्र होते आणि यंत्राच्या खोक्यावर फ्रिजवर असते तशी ताऱ्यांची चिठ्ठी होती. ती चिठ्ठी फ्रिज, पंखा, एसी अशा ठरावीक उपकरणांसाठी असते आणि भिंतीत खोचायच्या अशा डबीला ती मिळतच नाही, हे मला नंतर कळले.

त्याने ओसरीवर एक लाकडी पाटी मांडली. पाटीवर एक लहान मोटर बसवलेली होती. तारेभोवती टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, अडकवून त्याने आकडा दाखवला : १.८ अँपिअर. मग शेजारच्या प्लगमध्ये डबी खोचली आणि आकडा ०.६ वर आला. "ताई, तुमचे बिल शंभर युनिटांच्या आत आणून दाखवतो," असे तो म्हणाला. शंभर युनिटांच्या वर गेले की दर किती चढतो, हे विदर्भात उन्हाळाभर कुलर चालवणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे आणि त्याने नेमके तेच दुखणे पकडले.

त्या क्षणी आमच्या शेजारचा, नववीत शिकणारा मुलगा दाराजवळ मीटरखाली उभा होता. तो म्हणाला, "काकू, मीटरचा लाल दिवा तर तेवढ्याच वेळा लुकलुकते. आधी मिनिटाला एकोणीस वेळा मोजला, डबी लावल्यावरही एकोणीस वेळाच." त्या पोराने घड्याळ लावून मोजले होते. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० वेळा दिवा लुकलुकतो असे छापलेले आहे, म्हणजे दिव्याचा वेग कमी झाला नाही तर युनिट कमी झाले नाहीत आणि युनिट कमी झाले नाहीत तर बिलही कमी होणार नाही. यापेक्षा सोपा पुरावा असूच शकत नाही. तो माझ्या डोळ्यांसमोर होता, फुकट होता आणि तपासायला एक मिनिट पुरले असते. विक्रेत्याचा चेहरा क्षणभर उतरला, तेही मी पाहिले. आणि मी काय केले? मोठ्यांच्या मधात बोलू नये म्हणून त्या मुलालाच रागावले. आज तो मुलगा समोरून येताना दिसला की माझी मान आपोआप खाली जाते.

मी २,८५० रुपये देऊन एक यंत्र घेतले. खरा घात त्याच्या तारखेत होता. मे महिन्यातल्या वापराचे माझे बिल २७१ युनिटांचे होते, तर जुलैतल्या वापराचे बिल १४६ युनिटांचे आले. मी ते बिल गटाच्या बैठकीत सगळ्यांना दाखवले. पाऊस सुरू झाला, कुलर बंद झाला आणि त्यामुळे बिल उतरले, हे साधे कारण कोणाच्याही मनात आले नाही, कारण यंत्राचा हिरवा दिवा रात्रंदिवस भिंतीवर जळत होता. ऑगस्टमध्ये, बिले नुकतीच वाटली गेली असताना, तो माणूस बरोबर परत आला. एकत्र खरेदीचा भाव म्हणून त्याने एका यंत्राचे २,४०० रुपये सांगितले. बारा जणींचे २८,८०० रुपये झाले, त्यांपैकी १८,००० यूपीआयने दिले आणि १०,८०० रोख. ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो, कापूस निघायला अवकाश असतो, म्हणून बहुतेकींनी गटातून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने रक्कम उचलली. यूपीआयवर आलेले नाव ओळखपत्रावरच्या नावापेक्षा वेगळे होते. मी विचारले तेव्हा "मालकाचे खाते आहे" असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. पावतीवर फक्त रबरी शिक्का आहे, जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही. पावती नीट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

सप्टेंबरच्या शेवटी एका म्हाताऱ्या आजीच्या घरातली डबी जळाली. प्लास्टिक वितळून भिंत काळी पडली. आजी जागी होती म्हणून अनर्थ टळला. आठवडी बाजाराच्या गावी मोटर वायंडिंग करणाऱ्या मिस्त्रीकडून ती फोडून घेतली, तर आत एक लहान कंडेन्सर, दोन-चार सुटे भाग आणि हिरवा दिवा एवढेच निघाले. मिस्त्रीने सांगितले की बिनभाराची मोटर वीज थोडी खाते, पण तारेतून विनाकारण जास्त करंट खेळवते. कंडेन्सर लावला की तो फिजूल करंट घटतो आणि टाँग टेस्टरचा आकडा उतरतो, पण घरगुती मीटर मोजते ती प्रत्यक्ष खर्च झालेली वीज, म्हणजे युनिट, अँपिअर नव्हे. मोठ्या कारखान्यांच्या बिलात या गोष्टीचा हिशेब होतो, आपल्या घराच्या बिलात होत नाही. त्या रात्री मी पत्र्याच्या पेटीतून आदल्या वर्षाची बिले काढली. मेचे २६८ युनिट आणि जुलैचे १४३. यंत्र नसताना. बिलाची तुलना नेहमी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, मागच्या महिन्याशी करू नका.

यापुढचा प्रकार फसवणुकीपेक्षा जास्त झोंबला. आम्ही तिघी जणी पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो. सोयाबीनच्या सवंगणीचे दिवस होते, प्रत्येक खेपेला प्रत्येकीची ३०० रुपयांची मजुरी बुडाली. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या दिवशी पक्के बिल आणायला सांगितले, जणू फसवणारा पक्के बिल देऊन जातो. तिसऱ्या दिवशी "बाई, पैसे तुम्ही खुशीने दिले, हा गुन्हा होत नाही" असे ऐकून परत आलो. खोटे दाखवून पैसे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, हे आम्ही त्यांना सांगायचे का? वीज कार्यालयात मी एकच ओळ लेखी मागितली, की असे यंत्र लावल्याने घरगुती मीटरचे युनिट कमी होत नाहीत. "हे यंत्र आमचे नाही," असे म्हणून बाबूने डबी माझ्याकडे सरकवली. बिल थकले की त्याच कार्यालयाचा माणूस वीज तोडायला दारात उभा राहतो, पण ग्राहकाला वाचवणारी एक ओळ लिहायला त्यांना वरून परवानगी लागते. ग्रामपंचायतीने तर भोंग्यावरून अशी सूचना दिल्याचेच नाकारले, आणि ती सूचना साऱ्या गावाने ऐकली होती.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तिचा सारांश लेखी टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, माझ्यासारखा दीड महिना घालवू नका. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्या २,४०० रुपयांत थोडी भर घातली असती तर बीएलडीसी पंखा आला असता, जो साध्या पंख्याच्या पंचाहत्तर वॅटऐवजी तीस-पस्तीस वॅटवर चालतो आणि ज्याचा फरक मीटरच्या दिव्यावर खरोखर दिसतो.

आजीचे २,४०० रुपये आणि व्याज मी माझ्या मजुरीतून भरले आहे. बाकी अकरा जणींच्या डब्या आणि माझी डबी पोत्यात बांधून ठेवल्या आहेत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून दोन्ही वर्षांची बिले जोडून आमचा अर्ज तयार होत आहे. शेजारच्या मुलाने त्या दिवशी मोजलेले आकडे स्वतःच्या अक्षरात लिहून दिले आहेत. तो कागद मी अर्जात सर्वांत वर लावला आहे.