मोतीबिंदू: साधी लेन्स की मल्टिफोकल?
मोतीबिंदूच्या ऑपरेशनात मी मोनोफोकल (साधी, एकाच अंतराचं स्पष्ट दाखवणारी लेन्स) बसवली, आमच्या दादांनी जळगावला मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी). ऑपरेशन दोघांचं सारखंच, फेको (म्हणजे मोतीबिंदू अल्ट्रासाऊंडने फोडून ओढून काढतात), अडीच-तीन मिलिमीटरची चीर, टाका नाही, भुलीचे थेंब टाकले की दुखत नाही, फक्त वरचा लाईट हलताना दिसतो आणि डोळ्यावर पाणी सोडल्यासारखं गार वाटतं. फरक नंतर कळतो. मला लांबचं एकदम क्लिअर, केळीच्या बागेच्या त्या टोकाला कोण उभंय ते ओळखतो, पण सातबारा वाचायला चष्मा लागतोच. दादा पेपर, मोबाईल बिनचष्म्याचं वाचतात (आणि मिरवतात पण), मात्र रात्री हायवेवर समोरच्या ट्रकच्या लाईटभोवती कडी दिसतात म्हणे, म्हणून अंधार पडला की गाडी पोराकडे. पैसेही बरेच जास्त. ज्याला रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला शेतात जावं लागतं त्याने साधीच घ्यावी, माझी दुसऱ्या डोळ्यालाही तीच ठरलीय.