वणव्याच्या धुरात कॉर्सी-रोझेन्थल बॉक्स: पाच फिल्टर, एक पंखा आणि डक्ट टेप

७ जून २०२३ ला क्वेबेकमधल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला. यँकी स्टेडियममधला सामना पुढे ढकलला गेला, ब्रॉडवेवरचे काही प्रयोग रद्द झाले, राज्य सरकारने दहा लाख एन-९५ मास्क वाटायला काढले. अशा दिवशी अमेरिकेतल्या आपल्या मराठी घराघरांत एकच शोध सुरू होतो: एअर प्युरिफायर आत्ता कुठे मिळेल? नेमका त्याच दिवशी तो मिळत नाही, किंवा मिळाला तर खोलीच्या मानाने फारच लहान मिळतो. कॉर्सी-रोझेन्थल बॉक्स, म्हणजे पंखा आणि फिल्टर टेपने जोडून केलेला घरगुती एअर प्युरिफायर, तासाभरात घरीच बांधता येतो, आणि धुराचे कण गाळण्याच्या कामात या किमतीत त्याच्या जवळपास येणारं दुसरं काही नाही. अट एकच, तो नीट बांधायला हवा. घाईत बांधलेले बॉक्स हमखास तीन-चार ठिकाणी फसतात.

ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, घरातल्या हवेचा अभ्यास करणारे अभियंता रिचर्ड कॉर्सी यांनी ही कल्पना मांडली आणि टेक्सासमधले फिल्टर-व्यावसायिक जिम रोझेन्थल यांनी ती बांधून दाखवली. तेव्हा डोळ्यांसमोर विषाणू होता, पण वणव्याच्या धुराला हा बॉक्स तितकाच लागू पडतो.

सामान असं: २० इंची चौकोनी बॉक्स फॅन, २० बाय २० इंचाचे मर्व्ह-१३ फिल्टर पाच (मर्व्ह ही फिल्टर किती बारीक कण अडवतो ते सांगणारी श्रेणी, आकडा मोठा तितका फिल्टर चांगला), पंखा ज्या खोक्यातून येतो त्याचा पुठ्ठा, आणि चांगल्या चिकटीचा डक्ट टेप. फिल्टर दोन इंच जाडीचे घ्या. एक इंची स्वस्त पडतात, पण त्यांच्या घड्या कमी खोल असल्याने हवेला अडथळा जास्त होतो आणि पंख्याच्या ओढीने त्यांची चौकट आत वाकते. मर्व्ह-११ घेऊन चार पैसे वाचवू नका. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, बारीक असतात. ०.३ ते १ मायक्रॉनच्या टप्प्यात मर्व्ह-१३ ला किमान निम्मे कण अडवावे लागतात, मर्व्ह-११ वर एवढी सक्ती नाही. ‘निम्मेच?’ असा प्रश्न इथे पडतो. पण बॉक्स तीच हवा तासातून कितीतरी वेळा फिरवतो, म्हणून एका फेरीतल्या टक्क्यांपेक्षा एकूण किती हवा गाळली गेली हे महत्त्वाचं.

बांधणी. चार फिल्टर भिंगरीच्या पात्यांसारखे उभे करा, म्हणजे प्रत्येकाची एक कड शेजारच्याच्या कडेवर येईल. चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो, तो सगळीकडे आत वळलेला हवा. पाचवा फिल्टर तळाला, त्याचाही बाण आत. वर पंखा, हवा आकाशाकडे फेकणारा. बाराही कडा टेपने बंद करायच्या. प्रत्येकी २० इंच धरल्या तर २० फूट टेप होतो, दुहेरी लावायचा तर ४० फूट. टेप लावण्याआधी चौकटीवरची पुठ्ठ्याची धूळ कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सांधे सुटलेले दिसतील. तळाच्या फिल्टरखाली लाकडी ठोकळे देऊन बॉक्स दोन-तीन इंच उचला. थेट जमिनीवर ठेवलात तर पाचव्या फिल्टरचे पैसे पाण्यात.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते वरच्या झाकणात. बॉक्स फॅन चौकोनी, पाती गोल. चार कोपऱ्यांत पातं पोचत नाही, आणि आत ओढ असल्यामुळे तिथून बाहेरची न गाळलेली हवा उलटी आत शिरते. पंखा चालू करून एका कोपऱ्यावर पेटती उदबत्ती धरून पाहा: धुराची रेघ वर जायच्या ऐवजी वाकून जाळीतून खाली जाते. आता पुठ्ठ्यातून साधारण १५ इंच व्यासाचं भोक कापा, उरलेली चौकट पंख्याच्या वर चिकटवा आणि तीच उदबत्ती भोकाच्या कडेला धरा. रेघ वर उडायला हवी. एवढ्या एका पुठ्ठ्याने शुद्ध हवेचं प्रमाण चांगलंच वाढतं, आणि घाईत नेमका तोच राहून जातो. सांध्यांवरूनही उदबत्ती फिरवा. जिथे रेघ टेपखाली ओढली जाते, तिथे फट आहे.

आता आकडे. पाच दोन-इंची फिल्टरांच्या बॉक्सवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शुद्ध हवेचा पुरवठा मिनिटाला साधारण ६०० ते ८५० घनफूट मोजला गेला, खर्च सुमारे ७५ डॉलर. ६०० हा सगळ्यात कमी वेगावरचा आकडा आहे. म्हणून बॉक्स एक नंबरवर दिवसरात्र चालू ठेवावा. तीन नंबरवर आवाजाने वैतागून रात्री बंद करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. तुमचा बॉक्स जेमतेम बांधलेला आहे असं समजून निम्मे, ३०० धरले, तरी १२ बाय १५ फुटांच्या, ८ फूट उंच खोलीची हवा तासाला बारा वेळा गाळून होते. विकतच्या यंत्रांसाठी धुराच्या काळातला साधा नियम असा की खोली जितके चौरस फूट, मिनिटाला निदान तितके घनफूट शुद्ध हवा. १८० चौरस फुटांना १८० पुरे.

पंखा जळेल ही भीती रास्त आहे, म्हणून ती तपासलीही गेली आहे. २०१२ पासून बनलेल्या, यूएल किंवा ईटीएल ही सुरक्षा-चाचणीची खूण असलेल्या पंख्यांवरच्या चाचण्यांत फिल्टर भरलेले असतानाही तापमान धोक्याच्या पातळीला पोचलं नाही. तळघरातला जुना पंखा मात्र वापरू नका, आणि एक्स्टेन्शन कॉर्डही नको.

हा बॉक्स वास घालवत नाही. धुरातले वायू मर्व्ह-१३ मधून सरळ निघून जातात. त्यामुळे ‘वास येतोय, म्हणजे चालत नाही’ हा निष्कर्ष चुकीचा, आणि ‘वास गेला, म्हणजे हवा साफ’ हाही. वासासाठी म्हणून आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारं यंत्र) आणणं तर उलट घातक, कारण त्यांतले काही ओझोन सोडतात. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, मोजणारा छोटा सेन्सर घ्या आणि खिडकीच्या बाहेरचा व आतला आकडा ताडून पाहा. असे लेझर सेन्सर धुरात मुळात जास्त दाखवतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या आग-धूर नकाशावर हे आकडे दुरुस्त करून दिलेले असतात.

आपल्या घरांत एक वेगळीच अडचण येते, ती फोडणीची. चुलीवरचा एक्झॉस्ट लावला तर तो जितकी हवा बाहेर फेकतो तितकीच धुराची हवा फटींतून घरात येते. नाही लावला तर तेलाचा धूर घरात कोंडतो. त्या दोन-चार दिवसांत कुकरची मुगाची खिचडी आणि वरण-भात बरा, तळण आणि तव्यावरचे डोसे नकोत. देवापुढची उदबत्तीही थांबवा. खिडकीतल्या एसीची बाहेरची हवा घेणारी झडप बंद आहे ना, तेवढं पाहून घ्या.

लोक आकाशाचा रंग बघून घाबरतात किंवा निर्धास्त होतात, तिथेही गफलत आहे. ९ सप्टेंबर २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोत दिवसा नारिंगी अंधार पडला, पण बराचसा धूर समुद्रावरच्या थंड हवेच्या थराच्या वर तरंगत होता आणि जमिनीलगतची हवा त्या मानाने बरी होती. ती बिघडली पुढच्या दिवसांत, आकाश नुसतं करडं झाल्यावर. पंख्याचं बटण रंग पाहून नाही, आकडा पाहून फिरवा. आणि तो आकडा पुण्याला फोनवर सांगताना मोजपट्टी कोणती तेही सांगा: हवेत घनमीटरला ५५ मायक्रोग्रॅम कण असतील तर अमेरिकेत निर्देशांक १५० च्या आसपास, भारताच्या पट्टीवर ९२ च्या आसपास, म्हणजे ‘समाधानकारक’. हवा तीच. आई-बाबांची काळजी वाढवायची नसेल तर मायक्रोग्रॅमच सांगितलेले बरे.

फिल्टर किती टिकतात? साध्या दिवसांत अनेक महिने, दाट धुरात काही आठवडेच. त्यांच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो आणि धुराचे तेलकट कण तो झाकून टाकतात. हवा खेळती वाटत असतानाच गाळण्याची ताकद उतरलेली असते. धुऊ नका, व्हॅक्यूमही करू नका. तपकिरी झाले की, किंवा आतला आकडा पूर्वीसारखा खाली येईना की, पाचही बदला. बदलताना एन-९५ घाला आणि जुने फिल्टर पिशवीत बांधून टाका. पाच नवे फिल्टर आणि टेपचा एक रोल मे महिन्यातच कपाटात ठेवा. पंखा मात्र भारतात नेऊ नका. तो १२० व्होल्टचा आहे, आपल्या २३० वर लगेच जळेल.