पणजोबांना ‘कर्नाटकात’ जन्माला घालणारं ॲप : काही महिने वापरल्यानंतर

वंशावळीचं परदेशी ॲप म्हणजे काय, झाड कसं वाढवायचं, हे सांगत बसत नाही. जाहिराती सगळ्यांनी पाहिल्यात. नावही घेत नाही, कस्टमर केअरशी भांडण अजून चालू आहे.

भांडण जन्मगावावरून. पणजोबा निपाणीजवळच्या खेड्यात १९०८ साली जन्मले. गाव नमुना १४ मधली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरातली मोडी नोंद जाणकाराकडून वाचून घेतली, त्यामुळे साल पक्कं. मी लिहिलं, ‘जिल्हा बेळगाव, मुंबई इलाखा’. सेव्ह केलं की ॲप ते खोडून ‘बेळगावी, कर्नाटक’ करतं. अहो, राज्याचं कर्नाटक हे नाव १९७३ चं, बेळगावी २०१४ चं, आणि माणूस वारला १९६५ ला! मुंबई इलाख्यात जन्मला, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, तेही घर न बदलता. घटना घडली तेव्हा गाव ज्या मुलखात होतं तेच लिहावं, हा या कामातला पहिला नियम. कारण कागद त्याच मुलखाच्या दप्तरात सापडतात. पणजीचं माहेर कागलकडचं, म्हणजे तेव्हाचं कोल्हापूर संस्थान. तिच्यापुढे ‘महाराष्ट्र’. सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून असलेला सीमावाद ॲपने आमच्या घरापुरता मिटवून टाकला.

तक्रार केली. उत्तर इंग्रजीत, तेही मशीनने लिहिलेलं: ‘ठिकाण यादीतूनच निवडा.’ पैसे वर्षाचे आगाऊ घेतलेत, आणि यादीत मुंबई इलाखा नाही.

‘जुळणाऱ्या नोंदी’ हा प्रकार तर विचारूच नका. बेळगाव कॅम्पात पुरलेल्या एका गोऱ्या सोल्जराची नोंद दाखवून विचारतंय, हे तुमचे पूर्वज का? या ॲपात हिंदुस्थानचे कागद म्हणजे बहुतेक साहेबलोकांचे बाप्तिस्मे आणि दफनं. शेतकऱ्याचा माग तलाठ्याकडच्या फेरफारात आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात लागतो. त्यासाठी वर्गणी लागत नाही, चकरा लागतात.

मध्यंतरी अपडेट आला आणि ठिकाण हाताने लिहिता येऊ लागलं. एक स्टार वाढवला. नकाशावरचा ठिपका मात्र अजून कर्नाटकच म्हणतो, म्हणून तो स्टार परत काढला.

सुगीनंतर हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवून गावोगाव फिरणारा, दारात आला. वही उघडून त्याने पणजोबांचे वडील, आजोबा आणि त्यांच्याही मागची नावं घडाघडा वाचली. ॲपात यातलं एकही नव्हतं. थोरल्या शाखेने गाव का सोडलं तेही त्याने सांगितलं. जोंधळा आणि वर थोडी रोकड देऊन काम झालं. आई म्हणाली, “दरसाल येतोय की तो, तूच कधी बसून ऐकलं नाहीस.”

पण त्याच्या वहीत लेकी नाहीत. आत्या, पणजीच्या बहिणी, कुणीच नाही. ती माणसं मी ॲपातच भरली, फोटोंसकट. कागलकडच्या भाच्यांनी त्यांच्या बाजूची नावं स्वतः घातली, पुण्यातल्या चुलत बहिणीने एक चूक पकडली. एवढ्यासाठी ॲप बरं, पण एवढं तर फुकटच्या पॅकमध्येही चालतं.

म्हणून वर्गणी पुढे भरणार नाही. तुम्ही घेतली असेल तर ऑटो-रिन्यू आजच बंद करा. बटण सेटिंगमध्ये पार तळाला, राखाडी अक्षरांत आहे. त्याआधी झाडाची जेडकॉम फाइल (GEDCOM, वंशावळ एका ॲपातून दुसऱ्यात नेता येते ती) उतरवून घ्या आणि ठिकाणांचा रकाना उघडून बघा. माझ्या फाइलीत पणजी पुन्हा महाराष्ट्रात गेली होती.